वापसा आला आणि माणूस अंथरुणात

मागच्या अंकात तणनाशकाबद्दल लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की ज्या घरात आजारपण आहे त्या घराचं रान नुसतं तण बघून रस्त्यावरूनच ओळखू येतं. मूळ विषय राहिला बाजूला आणि त्या एका वाक्यावरच ढीगभर मेसेज आले. त्यातले पाच घेतोय. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. पुण्याच्या शेतकी कॉलेजात शिकलेला आणि पुढं तीसेक वर्षं शेतीच्याच कामानं गावोगाव फिरलेला माणूस आहे, त्यामुळे गोळीचं नाव न् डोस मला विचारू नका, पण रान आणि अंग यांचा हिशोब थोडाफार कळतो.

प्रश्न : काका, मी कोथरूडला राहतो, आयटीत आहे. भोर तालुक्यात आमची दीड एकर भातखाचरं चुलतभाऊ करतो, वाटा निम्मा-निम्मा. गेल्या वर्षी तो म्हणाला की लावणीच्या टायमाला तापानं आठ-दहा दिवस पडून होतो म्हणून भात निम्म्यावर आलं. खरं सांगू का, मला पटलं नाही. आम्ही पण आठवडाभर सिक लीव्ह टाकतो, कंपनी काही बुडत नाही. तो गंडवतोय का मला?

उत्तर : गंडवतोय की नाही ते तुमच्या भावकीतलं, त्यात मला ओढू नका, पण हिशोब त्याच्या बाजूनं आहे. ऑफिसातलं काम तुम्ही नसताना साचून राहतं, सोमवारी दोनशे मेल वाट बघत असतात, दोन दिवस उशिरापर्यंत बसलात की संपतं. शेतातलं काम साचत नाही, निघून जातं. पाऊस पडून गेला, जमीन ना चिखल ना कोरडी अशी झाली की तो वापसा. आमच्याकडची म्हातारी माणसं घात म्हणायची, घात आलीय, पेरा, आणि ती घात दोन-तीन दिवसांचीच. घात म्हणजे संधी पण आणि घात म्हणजे दगाफटका पण, हा शब्द ज्यानं कुणी काढला तो नक्की कोरडवाहू शेतकरी असणार.

भाताला वापसा नको, उलट चिखल लागतो, पण वेळेचं बंधन तेच. रोप साधारण २१ ते २५ दिवसांचं झालं की उपटून लावायचं. नेमका तेव्हा तुमचा भाऊ पडून. पाऊस आहे, खाचरात पाणी आहे, चिखलणी कोण करणार? पॉवर टिलरवाल्याची पाळी हुकली की तो पुढच्या वाडीला जातो आणि आठवड्यानं परत उगवतो, तोवर रोप जून झालेलं, जून रोपाला फुटवे कमी, फुटवे कमी म्हणजे लोंब्या कमी, आणि उशिरा लागलेल्या भाताची बेणणी, म्हणजे तण काढणं, पण उशिरा, तोवर तण वर. मजूर लावायचे की, असं तुम्ही म्हणाल, पण त्या आठवड्यात सगळ्या खोऱ्याची लावणी चालू असते, दुप्पट मजुरी देऊन पण माणूस मिळत नाही. काही वाड्यांत अजून सावड आहे, आज सगळे माझ्या खाचरात उद्या तुझ्या. आजारी माणसाला सावड फेडता येत नाही, मग त्याच्याकडं लोक सगळ्यात शेवटी येतात, वाईट म्हणून नाही, ज्याला त्याला आपली घाई म्हणून. आणि पडून असतो एक पण कामाला मुकतात दोघं, कारण त्याला तालुक्याला दवाखान्यात न्यायला वहिनी जाते.

हे सगळं एकाच महिन्यात का येतं, तर उष्ण मुलखात पाऊस, डास, गढूळ पाणी आणि पेरणी-लावणी यांचं कॅलेंडर एकच आहे. आणि कणगी पण तेव्हाच तळाला गेलेली असते. आखाडात पोटाला कमी, काम सगळ्यात जास्त आणि ताप पण तेव्हाच, म्हणून तिथला एक दिवस बाकीच्या वर्षातल्या चार दिवसांएवढा महाग पडतो. पूर्व झांबियात कापूस करणाऱ्या छोट्या शेतकऱ्यांच्या घरी मच्छरदाण्या देऊन नंतर सुगी मोजली, तर मच्छरदाणीवाल्यांच्या पिकाची किंमत इतरांपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी जास्त भरली. त्यांना ना नवं बियाणं दिलेलं ना जादा खत, फक्त डास कमी चावले.

माझ्या घरचं सांगतो. १९७० च्या आसपासची गोष्ट, आमच्या गावात पायऱ्यांची विहीर होती, लोक पाण्यात उतरूनच कळशी बुडवायचे. मृगाच्या तोंडावर वडिलांच्या नडगीतून नारू निघाला. आताच्या पोरांना नारू म्हणजे काय ते माहीतच नाही, चांगलं आहे. शेवयीसारखा पांढरा किडा, कातडी फोडून बाहेर येतो, तो काडीला गुंडाळायचा आणि रोज दोन बोटं, फार तर तीन, हळूहळू ओढायचा. घाई केली आणि तुटला की पाय सुजून भोपळा. वडील ओसरीवर पाय लांब करून ती काडी धरून बसलेले आणि समोर पाऊस पडून रान वाफ टाकतंय, हे चित्र माझ्या डोळ्यापुढं अजून आहे. बाजरी चुलत्यानं पेरून दिली, पण आपली आटोपल्यावर, पंधरा दिवस उशिरा, त्या साली कणसं करंगळीएवढी आली. नारूचा खरा कावा असा की दूषित पाणी पोटात गेल्यावर साधारण वर्षानं किडा बाहेर येतो, म्हणजे या हंगामात लागण झाली की पुढच्या वर्षी बरोबर त्याच हंगामात अंथरूण. आफ्रिकेत माली देशातले डोगोन लोक याला रिकाम्या कणगीचा आजार म्हणायचे, याहून नेमकं नाव मला तरी सुचणार नाही. आपल्याकडं शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. लस नव्हती की गोळी नव्हती, पाणी गाळून प्या आणि पायविहिरी बंद करा एवढ्यावर ते झालं.

पश्चिम आफ्रिकेत तर याहून पुढचं, नदीकाठच्या काळ्या माशीमुळं माणसं आंधळी व्हायची म्हणून लोकांनी काठची सगळ्यात सुपीक जमीनच सोडून दिली होती. १९७४ ते २००२ या काळात त्या माशीविरुद्ध मोहीम चालली, त्यातून अडीच कोटी हेक्टर जमीन परत कसण्याजोगी झाली. म्हणजे आजारपण नुसतं एकरी उतारा पाडत नाही, एकरच काढून घेतं.

तर तुमच्या भावाचं. रुपयात चार-सहा आण्यांची घट मला डोळे झाकून पटते. निम्म्यावर आलं असेल तर बेणणी पण चुकली असणार, ते विचारा. दुसरं विचारा की ताप कसला होता. खाचरात उघड्या पायानं उभं राहणाऱ्याला पोटऱ्या ठणकून ताप आला, डोळे लाल झाले तर डॉक्टरला आपणहून सांगायचं की मी भातात होतो, लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पाण्यात येणारा ताप) असू शकतो, तो अंगावर काढायचा ताप नाही. आणि यंदा लावणीआधी दोन गड्यांच्या आठ दिवसांच्या मजुरीचे पैसे तुमच्या वाट्यातून वेगळे काढून त्याच्याकडं देऊन ठेवा. कोथरूडमध्ये बसून निम्मा वाटा घ्यायचा तर एवढं तरी करा.

प्रश्न : मी पुरंदर तालुक्यातली, वय ३४. घरची थोडी अंजिराची झाडं आहेत आणि बाकी रोजानं खुरपायला जाते. दोन वर्षं झाली, पात (खुरपायची ओळ) धरली की निम्म्यातच दम लागतो, छातीत धडधडतं, बाकीच्या बाया पात लावून मोकळ्या होतात न् मी मागंच. आता उक्तं (रोजावर नाही, पूर्ण कामाचे ठरवून पैसे) काम असलं की मला टोळीत घेत नाहीत. गावातले डॉक्टर दर महिन्याला सलाईन लावतात, पाचशे रुपये घेतात, चार दिवस बरं वाटतं. एखादं चांगलं टॉनिक सांगा.

उत्तर : ताई, टॉनिक नाही सांगत, आधी त्या सलाईनचं सांगतो. साखरेच्या सलाईनची अर्ध्या लिटरची बाटली म्हणजे पाण्यात २५ ग्रॅम साखर, पाच-सहा चमचे. मिठाची असेल तर तेवढी पण नाही. पाचशे रुपयांत तुम्ही पाच चमचे साखर शिरेतून घेताय आणि एक दिवसाचा रोज बुडवून आडव्या पडताय, चार दिवस बरं वाटतं ते त्या आडवं पडण्यानंच जास्त. मला त्या डॉक्टरांचा राग येतो, पण आपणच जाऊन सलाईन लावा म्हणतो हे पण खरं आहे, बाटली लावली नाही तर आपल्याला डॉक्टर बदलावासा वाटतो.

तुम्ही सांगताय ती सगळी लक्षणं रक्त कमी असण्याची वाटतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, तपासा, बोटातून थेंबभर रक्त, बस्स. बायकांना १२ च्या खाली म्हणजे कमी. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांचं कमी निघालं, महाराष्ट्रात ५४ टक्के. म्हणजे तुमच्या पातीला ज्या दहा जणी आहेत त्यातल्या पाचेक जणी तुमच्यासारख्याच, फक्त त्या बोलत नाहीत.

रक्तातलं लोह प्राणवायू वाहून नेतं, ते कमी असलं की खुरपं तेच, हात तेच, पण स्नायूला हवा पुरत नाही. आळस वेगळा न् हे वेगळं. इंडोनेशियात १९७० च्या दशकात रबराच्या मळ्यात चीक गोळा करणाऱ्या कामगारांवर हे बघितलं होतं, त्यांना चिकाच्या वजनावर पैसे मिळायचे त्यामुळे कोण किती काम करतो ते तराजूवरच दिसायचं. ज्यांचं रक्त कमी त्यांचा चीक पण कमी. दोनेक महिने लोहाच्या गोळ्या दिल्यावर ते बाकीच्यांच्या बरोबरीला आले. तुमच्या उक्त्याच्या टोळीसारखंच झालं की हे.

गोळ्या सरकारी दवाखान्यात, आशाताईंकडं फुकट मिळतात. खरी अडचण पुढं आहे. शौचाला काळं होतं म्हणून निम्म्या बाया तिसऱ्या दिवशी बंद करतात, ते काळं होणारच, घाबरायचं नाही. मळमळलं तर जेवणानंतर घ्या. चहाबरोबर तर बिलकुल नाही, चहा लोह अंगी लागू देत नाही, आणि आपल्याकडं रानात निघताना न्याहारीला चहाच असतो. गोळी दुपारच्या भाकरीनंतर घ्या, लिंबू पिळलेलं काहीतरी सोबत असलं तर उत्तम. जंताची गोळी घ्यायची का ते पण विचारा, अनवाणी रानात फिरणाऱ्याच्या तळव्यातून शिरणारे जंत असतात आणि ते आतड्यात बसून रक्तच पितात. पाळी जास्त जात असेल तर लाजू नका, तेही सांगा, नाहीतर वरून भरायचं न् खालून गळायचं. गूळ-शेंगदाणे खा, चांगलेच आहेत, पण सातवर आलेलं एचबी गूळ-शेंगदाण्यानं वर येत नाही.

अजून एक, हे तुमच्या घरच्यांना वाचून दाखवा. सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण ही गावं इक्रिसॅट या हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय कोरडवाहू पीक संशोधन संस्थेनं १९७५ पासून घर न् घर नोंदवत अभ्यासली, अकोल्याकडची पण दोन आहेत. तसल्या गावांच्या आकड्यांवरून अनिल देवलालीकर या अर्थतज्ज्ञांनी १९८८ साली दाखवलं की त्या-त्या वेळी पोटात किती गेलं त्यानं मजुरीत न् पिकात फार फरक दिसत नाही, फरक पडतो तो उंचीच्या मानानं अंगावर वजन किती टिकून आहे त्यानं. म्हणजे सुगीत महिनाभर तूप-भाकरी घालून भागत नाही, बारा महिने पोटभर लागतं. सगळ्यांची पानं उठल्यावर तव्यावर उरलेल्या भाकरीवर ज्या बाईचं भागतं, तिच्याकडून आषाढात पुरुषाच्या बरोबरीनं पात मागायची, हे कसं जमणार?

प्रश्न : जुन्नर तालुका, टोमॅटो दोन एकर. आठवड्यातून दोनदा तरी औषध मारावं लागतं. मारून आलं की डोकं धरतं, तोंडाला पाणी सुटतं, दुसऱ्या दिवशी उठवत नाही. दुकानदार दोन-तीन औषधं मिसळून देतो, म्हणतो एकदाच काम होतं. मास्क आणलाय पण उकाड्यात अर्धा तास पण सहन होत नाही. काय करू?

उत्तर : दादा, पहिली गोची भाषेतच आहे, आपण विषाला औषध म्हणतो. औषध अंगावर सांडलं तर काय बिघडतं, असंच वाटणार ना.

तुमचं दुसऱ्या दिवशी न उठवणं ही किरकोळ विषबाधा आहे, थकवा म्हणून सोडू नका. ही फॉस्फरसवाली कीटकनाशकं मज्जातंतूंचं एक विकर (एन्झाइम) अडवतात, ते भरून यायला बरेच दिवस लागतात. आठवड्यात दोनदा म्हणजे भरून यायच्या आत तुम्ही परत मारताय. आणि बहुतेक विष नाकातून नाही, कातडीतून जातं. पाठीवरच्या पंपाचं झाकण सैल असतं, चालताना डचमळून पाठीवर ओघळतं, बनियन भिजतो, घामानं कातडीची छिद्रं उघडीच असतात आणि तोच बनियन घालून आपण दुपारपर्यंत हिंडतो. नोझल चोंदलं की तोंडाला लावून फुंकायचं, हे तर मी शेतकी पदवीधरांना पण करताना बघितलंय. त्यामुळे मास्कवरून भांडण्याआधी पंपाचा वॉशर बदला, वीस-पंचवीस रुपयांचं काम आहे, आणि नोझलसाठी जुना टूथब्रश खिशात ठेवा. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पाठीला प्लास्टिकचा कागद, हातमोजे, एवढं केलं की निम्म्याहून जास्त धोका जातो. मे महिन्यात पूर्ण किट घालून फवारा असं सांगणाऱ्यानं स्वतः एक पंप मारून दाखवावा, माझं स्पष्ट मत आहे. पहाटे वारा पडलेला असताना मारा, नऊच्या आत आटपा, तेव्हा मास्क पण सहन होतो. घरी आल्यावर पोराला उचलायच्या आधी अंघोळ, आणि ते कपडे वेगळे धुवायचे.

बाटलीवरचा चौकोन बघा, त्यात रंगीत त्रिकोण असतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. दुकानदाराला लाल-पिवळ्याऐवजी निळं-हिरवं मागा. मोनोक्रोटोफॉसला तर भाजीपाल्यावर केव्हापासून बंदी आहे, ते कुणी दिलं तर दुकान बदला. मिश्रणाचं म्हणाल तर २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते आठवा. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, फवारा वर मारायचा आणि तोच अंगावर उतरायचा, त्यात मिश्रणं, एका हंगामात वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो दवाखान्यात होते.

फायद्याचं पण बघा, कारण तुम्ही मला खर्चाचंच विचारणार. फिलिपिन्समध्ये लॉस बान्योसला आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आहे, तिथल्या अर्थतज्ज्ञांनी १९९० च्या सुमारास भातशेतकऱ्यांची अंगतपासणी आणि शेताचा जमाखर्च असा दोन्हीचा मेळ घातला. कीटकनाशकाच्या खर्चात दवाखाना आणि बुडालेले दिवस धरले तर तारखेनुसार नेमानं फवारणाऱ्यापेक्षा न फवारणारा फायद्यात निघाला. आता टोमॅटो म्हणजे भात नव्हे, नारायणगावच्या मार्केटला डागी क्रेट कोण घेतो, मलाही माहितीय. पण आठवड्यात दोन फवारण्यांमागं तुमचे दोन दिवस अंथरुणात जातात, त्या दिवसांत बांधणी, तोडणी राहते, तो आकडा वहीत औषधाच्या बिलाशेजारी एकदा लिहून बघा. कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावून अळी मोजा न् मग ठरवा, बहुतेक वेळा दोनाची एक होते.

घाम सुटतोय, लाळ गळतेय, दिसायला धूसर झालंय, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालीय, असं कुणाचं झालं तर दूध, ताक, काही पाजू नका. कपडे काढा, साबणानं धुवा, १०८ ला फोन, आणि बाटली सोबत न्या. बाटली विसरली की डॉक्टर अंदाजानं चालतो.

प्रश्न : इंदापूर तालुका, पाच एकर ऊस. फेब्रुवारीत टोळी आली होती, दुपारी एक गडी चक्कर येऊन पडला. मुकादम म्हणाला नाटकं करतो. मी सावलीला नेऊन पाणी पाजलं तर मुकादमानं मलाच ऐकवलं की असे लाड केले तर तुमचा ऊस मार्चपर्यंत तोडून होत नाही. त्याचं खरं आहे का?

उत्तर : नाही. तुमचं खरं आहे, आणि त्याला तराजूचा पुरावा आहे. मध्य अमेरिकेत एल साल्वाडोर, निकाराग्वा भागात ऊस तोडणारे तिशी-चाळिशीतले गडी मूत्रपिंड निकामी होऊन मरतात, शुगर नाही, बीपी नाही, तरीही. हजारो गेलेत. ऊन, अंगमेहनत आणि पाणी न पिणं हे त्यातलं मोठं कारण धरलं जातं. तिथं २०१४-१५ च्या हंगामात एका टोळीला तीन गोष्टी दिल्या, पाठीवर पाण्याची पिशवी, हलवता येणारी सावली आणि ठरलेल्या वेळी विश्रांती. चौथी म्हणजे बरा कोयता. मुकादमाच्या हिशोबानं तोड पडायला पाहिजे होती, पण माणशी दिवसाची तोड ५.१ टनांवरून ७.३ टनांपर्यंत गेली. टोळी लहान होती आणि कोयता पण बदलला होता हे खरं, पण लाड केल्यानं तोड घटली नाही एवढं तर नक्की.

नायजेरियात उसाच्या मळ्यात मलेरियाची तपासणी न् उपचार जागेवर दिले तर पुढच्या काही आठवड्यांत तोडणाऱ्यांची कमाई सुमारे १० टक्क्यांनी वाढली. त्यातली गंमत अशी की ज्यांना मलेरिया नाही असं निघालं त्यांची पण वाढली, कारण आपण धडधाकट आहोत हे कळल्यावर ते हलक्या कामाऐवजी जास्त पैशाच्या तोडीला गेले.

मुकादमाला मात्र दोष देऊन भागत नाही, त्याची पद्धतच तशी आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल म्हणजे आगाऊ पैसे आधीच घेतलेले, आणि एक दिवस गैरहजर राहिलं की खाडा, त्याचा दंड. आजारी पडणं परवडतच नाही मग माणूस पडेपर्यंत तोडतो. बायांचं तर त्याहून वाईट, २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या सरकारी पाहणीत ८२ हजारांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांचा खाडा पण त्यामागं आहे. ऊस आपल्या रानातला असतो म्हणून लिहिलं.

ऊन तर वाढणारच आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०१९ साली अंदाज दिला की २०३० मध्ये भारतातले कामाचे ५.८ टक्के तास उष्म्यानं वाया जातील, ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ नोकऱ्यांएवढे, आणि त्यात शेती सगळ्यात पुढं. तुम्ही तुमच्या बांधावर दोन माठ, एक ताडपत्री आणि मीठ-साखर-लिंबू ठेवा, तोड पहाटे लवकर चालू करून दुपारी थांबवा. परत कुणी पडला आणि बडबडायला लागला किंवा अंग तापून कोरडं झालं तर पाणी पाजत बसू नका, अंग ओलं करून वारा घाला आणि तडक दवाखाना.

प्रश्न : शिरूर तालुका. आमच्याकडं रात्रीची लाईट असते, दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी वळवायला, मिसेस पण येते सोबत. साप निघतात. चावला तर आधी काय करायचं? आणि सातबारा माझ्या नावावर आहे, तिला काही झालं तर सरकारी मदत मिळते का?

उत्तर : दोरी बांधू नका, ब्लेड मारू नका, मांत्रिकाकडं एक मिनिट पण घालवू नका. चावलेला हात-पाय हलू न देता जिथं सर्पविषावरची लस आहे तिथं न्या, म्हणून आजच फोन करून ठेवा की तुमच्या जवळ ती कुठल्या दवाखान्यात रात्री पण मिळते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, चौघांवर एकच लस चालते, त्यामुळे साप मारून पिशवीत घालून नेण्यात वेळ घालवू नका. देशात २००० ते २०१९ या काळात वर्षाला सरासरी ५८ हजार लोक सापानं गेले, बहुतेक खेड्यातले. शेजारच्या जुन्नर तालुक्यात नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत कित्येक वर्षं हेच काम करतायत, वेळेत आलेला माणूस वाचतो हे त्या भागात आता लोकांना पाठ झालंय.

गमबूट आणि चांगली बॅटरी, यावर पैसे वाचवू नका. मण्यार जास्त करून रात्री झोपेत चावते, दुखत पण नाही, पहाटे पोटात दुखतंय, पापण्या जड झाल्यात असं कुणी म्हणालं तर पित्त समजू नका. जमिनीवर झोपणं बंद, खाटेवर, मच्छरदाणी कडेनं गादीखाली खोचून. झांबियातली वर सांगितली तीच मच्छरदाणी, इथं डास न् मण्यार दोन्ही बाहेर राहतात.

मदतीचं विचारलंत तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेत खातेदाराबरोबर घरातला खातेदार नसलेला एक माणूस पण बसतो, म्हणजे तुमच्या मिसेस बसू शकतात. मृत्यू झाला तर दोन लाख. साप, वीज, फवारणीतली विषबाधा सगळं त्यात येतं. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडं, आणि मुदत ३० दिवसांची आहे, दहावं-तेरावं आटोपेस्तोवर निम्मी निघून जाते म्हणून घरातल्या कुणाला तरी आधीच माहिती असू दे. आणि दवाखान्यात केसपेपरवर सर्पदंश हा शब्द लिहून घ्या, नुसतं उलट्या न् चक्कर लिहिलेला कागद पुढं चालत नाही.